नेमकी कुठली लाइन स्किप?

पर्यटकाला गंडवायचं कसं हे आम्हा गोवेकरांना कोणी शिकवायला नको. मी स्वतः त्या धंद्यात नाही, पण कांदोळी-कळंगुटला जाऊन बघा, 'नो डॉल्फिन नो मनी' अशा पाट्या असतात, म्हणजे डॉल्फिन दिसला नाही तर पैसे देऊ नका, आणि मग बोट समुद्रात गेली की लांबवर पाण्यात काहीतरी काळं हलतं, बोटवाला ओरडतो तो बघा तो बघा, झालं, दिसला. दिसला की नाही हे ठरवायचा अधिकार बोटवाल्याचा. त्यामुळे कुठलीही टूरची जाहिरात मी त्या बोटवाल्याच्या डोळ्यांनीच वाचतो, आणि रोमला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकमतानं बुकिंगचं काम माझ्यावर ढकललं.

माणसं पाच. आई, बाबा, बायको, लेक आणि मी. पाच माणसं, पाच मतं आणि चालतील असे गुडघे धड तीन जोड्या. आईचं म्हणणं रांग लागली तर लागू दे, मंगेशीला सोमवारी लागते तेव्हा कोण मरतं. बाबांचं म्हणणं की रांग हा प्रकारच गोव्यात पोर्तुगीज गेल्यावर सुरू झाला. हे त्यांचं खड्डे, मच्छर आणि पावाचा घटलेला आकार या सगळ्याबद्दल मत आहे, १९६१ मध्ये ते दुसरीत होते ही गोष्ट वेगळी. बायको म्हणाली आईंचे गुडघे बघता स्किप द लाइनच घ्यायचं, म्हणजे रांग टाळून आत नेणारं तिकीट, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. 'थोडे' हा शब्द मी तिथल्या तिथे लिहून ठेवायला हवा होता.

तर कलोसियम. साइट उघडली आणि समोर ढीगभर टूर. स्किप द लाइन, फास्ट ट्रॅक, प्रायोरिटी, एक्सप्रेस, व्हीआयपी, आणि एक तर चक्क अल्ट्रा व्हीआयपी. फोटो सगळ्यांचा तोच, संध्याकाळचं सोनेरी कलोसियम आणि पुढ्यात चिटपाखरू नाही. बायकोनं एक्सेल शीट केली, त्यात किंमत, वेळ, ग्रुप केवढा, रद्द केलं तर पैसे परत का, आणि शेवटी एक कॉलम 'आईंना जमेल का'. त्या कॉलममध्ये सगळीकडे प्रश्नचिन्ह.

आता यातला घोळ असा आहे की रोममध्ये रांग एक नाही. एक तिकीट खिडकीची, दुसरी सिक्युरिटी चेकची जिथं बॅग स्कॅन होते, आणि तिसरी म्हणजे टूरवाल्याच्या माणसापाशी नाव सांगून टिक मारून घ्यायची, जिचा उल्लेख कुठेच नसतो. सिक्युरिटी कोणालाच चुकत नाही, अल्ट्रा व्हीआयपीलाही नाही, हे प्रत्येक टूरच्या खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. राहिली खिडकीची. ती तर कलोसियमच्या अधिकृत साइटवर साधं १८ युरोचं तिकीट ऑनलाइन काढलं तरी टळतेच, कारण तिकीट हातात असताना खिडकीवर जाणार कोण? आणि त्याच तिकिटात रोमन फोरम आणि पॅलाटाईन टेकडी पण येते. म्हणजे साठ-सत्तर युरोची जी टूर मला विकत होते त्यात टळणारी रांग ही ऑनलाइन तिकीट घेणाऱ्या कुठल्याही माणसाची आपोआप टळते. डॉल्फिन दिसला.

मी हे बायकोला विजयी मुद्रेनं सांगितलं. ती म्हणाली बरं मग काढ अठराची.

इथून खरी मजा. ही तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात आणि खुली होता होता संपतात. कुठं जातात? तर २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं याच प्रकारावरून तिकीट चालवणारी संस्था आणि काही टूरवाले यांना मिळून जवळपास २ कोटी युरोचा दंड ठोकला, बॉट म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम लावून घाऊक तिकिटं उचलली जात होती आणि मग तीच गाईड-बिईड चिकटवून महाग विकली जात होती. समोर असा यंत्रमानव आणि आमच्याकडून मैदानात कोण, तर माझी बारावीतली लेक, जिचा अंगठा फोनवर विजेसारखा चालतो. ती तयार, लॅपटॉप तयार, कार्ड तयार, आणि फोंड्यात मे महिना, ढग आले नाहीत तोवर लाईट गेली. तिनं फोनचा हॉटस्पॉट लावला. तारीख मिळाली, वेळ मिळाली, पाच तिकिटं निवडली, आणि मग आलं नाव भरायचं पान.

कलोसियमचं तिकीट नावानिशी असतं, गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात. नाव पासपोर्टप्रमाणे. आता हे पुण्या-मुंबईच्या माणसाला साधं वाटेल पण गोव्यात ज्याचा जन्म ६१ च्या आधीचा आहे त्याच्या घरी विचारा. बाबांचं नाव शांताराम. जन्माची नोंद पोर्तुगीज कारकुनानं केलेली, त्यांच्यात 'श' एक्सनं लिहितात, त्यामुळे ते एक्सनं सुरू होतं. आडनाव प्रभू, ते तिथं पोरोबो झालेलं. मध्ये एक सिनाय आहे. मतदार ओळखपत्रावर एसएच आणि प्रभू, बँकेत एस आणि पोरोबो, पासपोर्टवर एक्स, सिनाय आणि पोरोबो तिन्ही. बाबा खुर्चीत बसून सांगतायत 'एक्स घाल, एक्स', लेक विचारते 'आजोबा सिनाय फर्स्ट नेममध्ये की सरनेममध्ये', आई म्हणते माझं माहेरचं घालू का, कारण तिच्या पासपोर्टवर आणखी वेगळी भानगड आहे, आणि पानाच्या वर कोपऱ्यात उलटं घड्याळ चालू. पासपोर्ट शोधायला बायको कपाटाकडे पळाली, पासपोर्ट होता देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. तो येईपर्यंत घड्याळ शून्यावर. सेशन एक्स्पायर्ड. परत आत गेलो तर त्या दिवसाचा सगळा कॅलेंडर करडा.

बाबा म्हणाले पोर्तुगीज असते तर.

मग झक मारत टूर. निदान नीट वाचून घ्यायची म्हणून मी बारीक अक्षरांत घुसलो. एकात लिहिलं होतं 'होस्टेड एंट्री', बायको म्हणाली होस्ट म्हणजे गाईडच ना. नाही. होस्ट म्हणजे छत्री धरून उभा असलेला मुलगा, तो तुम्हाला गेटपर्यंत सोडतो आणि 'एन्जॉय' म्हणून निघून जातो. दुसरी अंडरग्राउंडची, म्हणजे रिंगणाच्या खाली जिथून जनावरं आणि ग्लॅडिएटर वर आणायचे ते बघायला मिळतं. बाबांना तीच हवी. पायऱ्या किती ते लिहिलेलं नव्हतं, आईनं पायऱ्या हा शब्द ऐकून नुसतं गुडघ्यावर हात ठेवला, विषय संपला. तिसरीत 'स्मॉल ग्रुप' आणि खाली लिहिलंय जास्तीत जास्त २५. आमच्याकडे सत्यनारायणाला यापेक्षा कमी लोक येतात. रिव्ह्यू वाचावे तर एकानं गाईड फार बोलला म्हणून एक स्टार दिलेला आणि त्याखालीच दुसऱ्यानं गाईड फार बोलला म्हणून पाच. एका बाईंनी लिहिलं होतं, कलोसियम अर्धं पडलेलं आहे हे आधी सांगायला हवं होतं.

शेवटी घेतली एक. कुठली ते सांगत नाही, आणि किती पडले ते तर आईलाही सांगितलेलं नाही.

व्हॅटिकनचं त्या मानानं सोपं निघालं. तिथं म्युझियमचं अधिकृत तिकीट आम्ही बघितलं तेव्हा २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे वर ५. रांग टाळायची अधिकृत किंमत पाच युरो, संपला विषय, मला हा प्रामाणिकपणा आवडला. फक्त रविवारी बंद असतं, अपवाद महिन्यातला शेवटचा रविवार, तेव्हा उघडं आणि फुकट असतं म्हणून त्या दिवशी जाऊ असं बाबांनी सुचवलं होतं, ते आम्ही सर्वानुमते फेटाळलं. गाईड घ्यावा का यावर चर्चा झाली तर कळलं की सिस्टीन चॅपेलमध्ये गाईडला बोलायलाच बंदी, मायकलएंजेलोनं १५०८ ते १५१२ खपून रंगवलेलं छत, त्याच्याबद्दल जे काय सांगायचं ते बाहेर फलकासमोर सांगून घ्यायचं आणि आत गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाला पैसे द्यायचे तर घरचे काय कमी आहेत. कपड्यांचा नियम मात्र कडक, खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. मंगेशीच्या दारात चड्डी घालून आलेल्या पर्यटकाला ताड्कन टोकणारे आमचे बाबा, त्यांनी युरोपात उकडतं म्हणून खास म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन बर्मुडा घेतल्या होत्या. त्या बॅगेतच राहिल्या.

कलोसियमच्या दिवशी आम्ही वेळेच्या आधी हजर. 'निळ्या छत्रीपाशी भेटा' असा मेसेज होता. तिथं निळ्या छत्र्या चार. आपली सापडली, नावं टिक झाली (एक्स बघून मुलगी जरा थबकली), आणि मग उभे राहिलो कारण ग्रुपमधलं एक जोडपं यायचं होतं. उन्हात. शेजारून साध्या तिकिटाची माणसं आपापला क्यूआर दाखवत सिक्युरिटीकडे सरकत होती, आणि आम्ही रांग टाळून उभे. माझी बायको काही बोलली नाही, फक्त एक्सेल शीटच्या आवाजात उसासा टाकला.

मी वर बघत होतो. त्या कमानींवर अजून रोमन आकडे दिसतात. इसवी सन ८० ला हे उघडलं, खाली ८० कमानी, त्यातल्या ७६ ना नंबर, ज्याचा जो नंबर त्यानं त्या कमानीतून आत जायचं, पन्नास हजार माणसं बसायची म्हणतात आणि जिन्यांची रचना अशी की भराभरा आत नि भराभरा बाहेर. दोन हजार वर्षांपूर्वी यांचा रांगेचा प्रश्न सुटलेला होता. मग मधल्या काळात कोणीतरी टूर काढली.

आत गेल्यावर प्रत्येकाच्या कानात एकेक हेडसेट. गाईड बाई पुढे, आम्ही मागे, आणि ती खरंच छान सांगत होती, उगाच कशाला नावं ठेवा. पण आईचा हेडसेट कुठल्यातरी दुसऱ्याच ग्रुपच्या चॅनेलवर गेला होता, तिथं एक पुरुष स्पॅनिशमध्ये बोलत होता. आई सगळा वेळ मान डोलावत ऐकत होती. अर्ध्या तासानं तिनं मला विचारलं की ही बाई बोलते पण आवाज पुरुषाचा कसा येतो. मी बदलून देतो म्हणालो तर नको म्हणाली, आवाज गोड आहे. मग बाबांनी तो हेडसेट मागून घेतला, कारण स्पॅनिश म्हणजे जवळजवळ पोर्तुगीजच, आणि उरलेला वेळ ते आम्हाला भाषांतर करून सांगत होते. त्यांच्या म्हणण्यानुसार तिथं बैलांचा बाजार भरायचा.

आईची स्वतःची अशी यादीत एकच गोष्ट होती आणि ती कुठल्याच टूरमध्ये नव्हती. जुन्या गोव्याला सेंट झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, तेव्हा आई शेजारच्या आंटीबरोबर गेली होती. गोंयचो सायब तो, त्यात हिंदू-ख्रिश्चन कोण बघतो. सकाळी गेल्या त्या दुपारी आल्या, पाय सुजून, येताना खाजें घेऊन, खूश. तेव्हा आंटीनं तिला सांगितलं होतं की सायबाचा उजवा हात इथं नाही, तो रोमला आहे. खरंच आहे. १६१४ मध्ये कोपरापासून काढून तिकडे नेला, जेसुइटांच्या जेझू चर्चमध्ये ठेवलाय, पियाझ्झा व्हेनेझियापासून चालत दोन मिनिटं. तिकीट नाही. बुकिंग नाही. छत्री नाही.

आम्ही पोचलो तर दार बंद, दुपारची सुट्टी. बाबांचा चेहरा उजळला, म्हणाले बघ, इथं अजून शिस्त आहे. समोर कॉफी पीत बसलो, चार वाजता दार उघडलं, आत गेलो. उजव्या बाजूच्या वेदीवर सोनेरी मखरात हात, समोर आम्ही पाच आणि बाकावर डुलकी काढणारे एक आजोबा.

आई दारापाशीच थांबली. म्हणाली, 'रांग कुठंय?'

मी म्हटलं, 'नाही रांग.'

'म्हणजे हे नसेल. पुढचं असेल. विचार जरा कोणाला तरी.'

पाटी दाखवली, बाबांनी पाटी वाचून दाखवली, तेव्हा कुठं पुढे गेली आणि मग चांगली दहा मिनिटं हात जोडून उभी राहिली. बाहेर आल्यावर लगेच आंटीला व्हिडिओ कॉल. आंटी घरी मासळी साफ करत होती, फोन सिंकपाशी उभा केलेला. आईनं सगळं सांगितलं, हात बघितला, अगदी जवळून, कोणी ढकललं नाही, पैसे नाहीत, रांग तर अजिबात नव्हती.

आंटीचा सुरा थांबला. 'लायन नाशिल्ली? मागीर तो कोणा दुसऱ्याचो हात आसतलो.'