वीस मिनिटांचं तेल

डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू टोलवणारं पिनबॉल यंत्रातलं छोटं वल्हं, वर गेला आणि वरच राहिला. गणपतीची आरती नुकतीच आटोपलेली, बेसमेंटमध्ये पंधरा-वीस माणसं, पिनबॉलच्या काचेवर कुणीतरी मोदकांची ताटली ठेवलेली (तुपासकट), आणि आमचं यंत्र पोस्टरवरच्या पुढाऱ्यासारखा एक हात उंचावून उभं. चेंडू त्याच्याखालून निवांत गटारात.

यंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरचं, शिकागोत बनलेलं. आम्ही राहतो शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, म्हणजे ते सासरी नाही, माहेरीच नांदतंय म्हणा.

फ्लिपर अडकला की पहिलं काम एकच: मेन स्विच बंद करायचा. वीज जाताच फ्लिपर खाली पडला, तर दुखणं बहुधा विजेचं. जुन्या यंत्रांत फ्लिपरचा सगळा प्रवाह कॅबिनेटच्या बटणामागच्या दोन पत्त्यांमधून जातो; ठिणग्या खाऊन त्यांची टोकं एकमेकांना चिकटतात आणि बटण सोडलं तरी कॉइल (प्रवाह मिळताच चुंबक होणारी तारेची गुंडाळी) फ्लिपर ओढतच राहते. वीज गेल्यावरही फ्लिपर वरच राहिला, तर दुखणं हाडाचं. आमचा वरच राहिला. म्हणजे निदान अर्ध्या मिनिटात झालं होतं. पण ते ऐकायला कुणी नव्हतं, कारण तोवर काका पुढे आले होते.

काका म्हणजे माझ्या मित्राचे सासरे. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त. निवृत्त खात्यातून, मेंटेनन्समधून नव्हे.

"तेल कुठंय?"

"काका, याला तेल चालत नाही."

"तेल चालत नाही असं यंत्र देवाने घडवलेलं नाही."

"हे देवाने नाही, शिकागोत घडवलंय."

"तेच म्हणतो. तुमच्या दारांच्या बिजागऱ्या कशा कुरकुरतात बघ. या लोकांना तेलाचं वळणच नाही." मग खाली वाकून, "चालतं किती व्होल्टवर?"

"कॉइल पन्नास व्होल्ट डीसीवर."

"पन्नास?" त्यांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. "आमच्याकडे चारशे चाळीस असायचं."

उरलेले तीनशे नव्वद व्होल्ट जणू मीच खाल्ले होते.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! त्यांनी कॅबिनेटला बाजूने एक सणसणीत थाप दिली. यंत्राच्या पोटात लोंबणारा टिल्टचा लोलक (यंत्र फार हलवलं की डाव बंद पाडणारा) वीज असती तर बोंबललाच असता. "हा जुगारच ना रे?" त्यांनी विचारलं. आता इथे मी चूक केली. मी इतिहास सांगायला लागलो. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली, महापौर ला गार्डिया यांनी यंत्रं घणाने फोडून घेतली, ती बंदी थेट १९७६ मध्ये उठली. ज्या शिकागोत ही यंत्रं बनत तिथेही कित्येक वर्षं ती खेळायला मनाई होती. पण १९४७ मध्ये गॉटलिबच्या 'हम्टी डम्टी'वर सहा फ्लिपर आले आणि चेंडू खेळणाऱ्याच्या हाती आला, त्यामुळे हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जुगारच."

मी काच काढायला घेतली. समोरची लोखंडी पट्टी आतल्या खटक्याने सुटते, काच खाली सरकत येते. ती काँक्रीटच्या फरशीवर कडेवर उभी करायची नाही. टफन्ड काच कोपऱ्यावर बारीकसा टोला बसला तरी भुगा होते. प्लेफील्ड, म्हणजे चेंडू जिच्यावर धावतो ती फळी, उचलण्याआधी चेंडू बाहेर काढायचा. ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी उतारावरून सुटली की आत काय काय फोडेल याचा नेम नाही. इथवर सगळं शास्त्रशुद्ध झालं. प्लेफील्ड टेकवलं, प्लग काढला आणि ॲलन की आणायला वर गेलो.

परत आलो तेव्हा काकांच्या हातात गराजमधला तेलाच्या फवाऱ्याचा डबा होता, आणि फ्लिपर खाली पडला होता. टाळ्या वाजत होत्या. अक्षरशः टाळ्या.

"दोन थेंब," काका म्हणाले. फवाऱ्याला थेंब नसतात.

वीस मिनिटं फ्लिपर झकास चालला. मुलांनी काकांना पहिला डाव दिला. मी कोपऱ्यात ॲलन की घेऊन उभा. या प्रकारात मला सगळ्यात खुपतं ते हे की तेल खरंच काम करतं. वीस मिनिटं करतं. तेवढ्यात निदान देणारा माणूस मूर्ख ठरतो आणि तेल घालणारा सिद्धपुरुष.

मग घडायचं ते घडलं. कॉइलच्या आत नायलॉनची नळी असते, तिला स्लीव्ह म्हणतात. तिच्यातून लोखंडी प्लंजर मागेपुढे धावतो. ही जोडी कोरडीच चालायची असते. घासून झडलेल्या लोखंडाची पूड आणि वर्षानुवर्षांची धूळ त्या तेलात कालवली की घरच्या घरी काजळ तयार. शिवाय शेजारचा स्विच ठिणग्या टाकतो. ज्वालाग्राही फवारा मारून लगेच वीज सुरू करणं हा तर निव्वळ अगोचरपणा. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लिपर पुन्हा वर. या वेळी हाताने दाबला तरी तो मलमात अडकल्यासारखा सावकाश उतरत होता.

मंडळी घरी गेलेली. आता कुणी सल्ला देणार नव्हतं, म्हणून काम झालं.

आधी फ्लिपर आणि प्लंजर वेगळे करायचे. क्रँकचा (दांड्याला धरून फिरवणाऱ्या पकडीचा) स्क्रू सैल केला की फ्लिपरचा दांडा वरून निघतो. दांडा बुशिंगमध्ये (तो ज्यातून जातो त्या नळीत) मोकळा फिरत होता, म्हणजे तो निर्दोष. (परत बसवताना दांडा फार खाली दाबायचा नाही. वरखाली क्रेडिट कार्डाच्या जाडीइतका, पाऊण मिलिमीटरचा, खेळ राहिला पाहिजे; नाहीतर फ्लिपर बुशिंगवर घासतो आणि आपण कॉइलला शिव्या देत बसतो.) प्लंजर मात्र नळीत मधेच अडत होता. कॉइल स्टॉपचे (प्लंजर ज्यावर आपटतो त्या अडसराचे) दोन स्क्रू काढून तो बाहेर घेतला. छिन्नीचं डोकं हातोडीचे घाव खाऊन पसरतं, तसं त्याचं टोक पसरलेलं. बोट फिरवलं तर कडेला धार लागली. तीच कडा नळीला आतून कातरत होती. पस्तीसेक वर्षं एकाच जागी आपटायचं, दुसरं काय होणार? त्यात तेलाने काय फरक पडणार होता, हे मला काकांना एकदा विचारायचंय.

कानशीने कडा मारता येते, पण ती तात्पुरती सोय. प्लंजर आणि त्याला क्रँकशी जोडणारी लिंक नवी घालावी, खड्डा पडलेला कॉइल स्टॉपही बदलावा, आणि स्लीव्ह तर बदलायचीच. ती साधारण एका डॉलरला मिळते. जुनी स्लीव्ह ओढूनही निघत नसेल तर कॉइल तापून आतून वितळलीय असं समजा आणि अख्खी कॉइल बदला. ती का तापते? कॉइलला दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची साधारण साडेचार ओहमची, म्हणजे पन्नास व्होल्टला दहा-अकरा अँपियर खाणारी. आणि बारीक तारेची दीडशे ओहमच्या आसपास, तिला पाव-अर्धा अँपियर पुरतो. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा एक स्विच उघडतो आणि जाड गुंडाळीचा प्रवाह तुटतो. तो दीड-दोन मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. नाही उघडला तर बटण धरून ठेवणाऱ्या पोराच्या हातात पाचशे वॅटची शेगडी. याच स्विचची पत्ती वाकून क्रँकमध्ये अडकते, तेव्हाही फ्लिपर अडकतो, तीही तपासली.

बाकीचं काजळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला दीड तास गेला. दुरुस्ती पंचवीस मिनिटांची. परतीची स्प्रिंग बदलली, फ्लिपरचं टोक प्लेफील्डवरच्या बारीक भोकात टूथपिक रोवून जुळवलं, स्क्रू आवळला. आता बटण सोडलं की फ्लिपर टक्कन खाली.

काकांचा फोन आला होता. मी गॅरेजमध्ये होतो, बायकोने घेतला. यंत्र मस्त चालतंय म्हटल्यावर ते म्हणाले, "महिन्यातून एकदा दोन थेंब सोडत जा म्हणावं." तिने डबा धुऊनपुसून मशीनच्या काचेवर ठेवलाय, समोर दिसेल असा.