थंब किती वाजता मारला?

आज सकाळी सकाळी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी एक्सेल शीट टाकली. गेल्या महिन्यात कोण किती तास ऑफिसात होतं, हजेरीच्या थंब मशीनमधनं काढलेलं. नऊ तास भरले ते हिरवे, नाही भरले ते लाल. आणि लालमध्ये सगळ्यात वर कोण, तर आमच्या अकाउंट्सच्या ताई! डोकंच फिरलं राव.

ताई तासगावहून एसटीनं कुपवाड एमआयडीसीत येतात. सहाला पर्स उचलली की निघाल्या, गाडी चुकली तर पुढचीत पाय ठेवायला जागा नसते. पण तोपर्यंत ही बाई खुर्चीतनं हलत नाही. 11 तारखेच्या आत एकेका सप्लायरला फोन, "दादा, आमचं बिल जीएसटीआर-वनला घेतलं का? स्क्रीनचा फोटो टाका." जीएसटीआर-वन म्हणजे सप्लायरनं आपली विक्रीची बिलं दाखवायचं जीएसटीचं रिटर्न. कारण त्यानं नाही घेतलं तर 14 ला आमच्या टू-बीत, म्हणजे आम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, ते दिसणार नाही आणि 20 ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरताना तेवढ्या क्रेडिटवर (खरेदीवर आधीच दिलेल्या कराच्या वजावटीवर) पाणी सोडून रोख भरा. मागं एका पार्टीनं आमचं चांगलं मोठं बिल बी-टू-सीत, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत, टाकून दिलेलं, ताईंनी फोटो बघून तिथल्या तिथं पकडलं. ते कुठल्या मशीनमध्ये येतं हो?

हिरवे कोण सांगू? दुपारभर रील्स, चहाला चार चकरा, सहा वाजले की टॅली उघडायचं आणि साहेब केबिनमधनं निघाले की "सर, एक विचारायचं होतं". मीपण हिरव्यातच आहे बरं का. का, तर मी डिस्पॅचला, ट्रक उशिरा लागला की मी उशिरा जातो. यात माझी कसली कर्तबगारी?

हां, सहाच्या ठोक्याला पळणारे सगळेच ताईंसारखे नसतात, मान्य. साहेबांचंही तसं काय चुकतंय म्हणा, वरनं मालक रात्री आठला फोन करून विचारतात ऑफिसात कोण आहे, ते बिचारे तरी काय दाखवणार. माणूस वाईट नाही.

पण हे वरनंच झिरपत येतंय ना! 2023 ला इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले, 2025 ला एल अँड टीचे सुब्रह्मण्यन थेट 90 वर, घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार म्हणे. अहो, 1948 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला 48 तासांची हद्द घातली ती काय गंमत म्हणून? ताई घरी जाऊन कुणाकडं बघत बसत नाहीत, सासूबाईंची औषधं, पोराचा अभ्यास, भाकरी, आणि सकाळी परत पहिली एसटी. त्या बाईचं नाव सगळ्या ग्रुपसमोर लाल. त्यांनी खाली नुसतं "ओके सर" लिहिलं. मला तर तेच जास्त लागलं.

आता कमेंटमध्ये "पटत नसेल तर नोकरी सोडा" म्हणणारे येतीलच. ताईंनी खरंच सोडली तर 14 ला टू-बी कोण जुळवणार तेवढंही लिहा. मला विचारू नका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.