पांढरं दिसलं म्हणजे पाऊस आला का?

जून लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उपग्रहाची चित्रं पडायला लागतात. अरबी समुद्रावर पांढरा गोळा, खाली 'छत्र्या काढा रे!' दोन दिवस कोरडे गेले की त्याच ग्रुपवर हवामान खात्याच्या नावाने शिमगा. अशा वेळी मला टायरॉस-१ आठवतो.

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने केप कॅनाव्हेरलहून सोडलेला हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह (तारीख बघून हसू नका). १८ बाजूंचा डबा, वजन १२० किलोच्या आसपास, अंगभर सौरघट आणि तळाला दोन टीव्ही कॅमेरे. साधारण ७०० किलोमीटरवरून फिरायचा. स्थिर राहावा म्हणून त्याला भोवऱ्यासारखा गरगरत ठेवला होता, पण गरगरणाऱ्या भोवऱ्याचा आस एकाच दिशेला रोखलेला असतो. त्यामुळे प्रत्येक प्रदक्षिणेत थोडाच वेळ कॅमेऱ्यांपुढे पृथ्वी यायची, एरवी नुसता काळोख. रात्रीचं तर काहीच दिसत नसे. त्यात पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे तो आस हळूहळू कलायला लागला. हे कुणी हिशेबातच धरलं नव्हतं! पुढच्या टायरॉसमध्ये याच खोडीचा उपयोग करून उपग्रह मुद्दाम वळवले. मला ही गोष्ट जाम आवडते.

खरी कसोटी मात्र जमिनीवर होती. चित्रावर ना अक्षांश, ना रेखांश. हा ढग नक्की कुठल्या समुद्रावरचा? वेळ आणि उपग्रहाचा कल बघून ते काढायचं, एखादा किनारा ओळखू आला तर नशीब. पांढरं दिसतंय ते ढग की बर्फ, हेही ठरवायचं. मग हाताने ढगांचा नकाशा काढून तो अंदाज करणाऱ्यांकडे पाठवायचा. एवढ्या खटपटीतून पहिल्या पंधरवड्यातच ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, भर समुद्रातलं एक चक्रीवादळ दिसलं. ७८ दिवसांत २२,९५२ चित्रं पाठवून जूनच्या मध्यावर स्वारी बंद पडली.

माझं म्हणणं एवढंच, की चित्र म्हणजे अंदाज नव्हे. हे त्या मंडळींना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आपल्याला साठ-पासष्ट वर्षांनीही कळत नाही. आपल्याकडे फिरणारं चित्र बहुतेक वेळा अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे उजेडाऐवजी उष्णता टिपणारं असतं, त्यात पांढरं म्हणजे ढगाचा माथा थंड. उंचावरचा पातळ ढगही त्यात पांढरा दिसतो आणि थेंब टाकत नाही. उलट कोकणात, घाटमाथ्यावर पुष्कळदा बुटके ढगच धो धो ओततात. त्यांचे माथे तेवढे थंड नसतात, म्हणून चित्रात ते नुसते करडे दिसतात.

परवा ग्रुपवरच्या काकांना विचारलं, "चित्र कधीचं आहे हो?"

"कोपऱ्यात लिहिलंय ना. सकाळी तीनचं."

ती ग्रीनिचची वेळ होती, म्हणजे आपले साडेआठ. आणि तारीख गेल्या वर्षीची.