पुन्हा तोच तक्ता

दर तिमाहीला साहेबांना झटका येतो, "आपला ओरॅकल डेटाबेस क्लाउडवर कुठे न्यायचा, जरा तक्ता करा." केला हो! चौथ्यांदा केला. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, साध्या आरडीएसवर (डेटाबेस तेच सांभाळतात) ओरॅकल घेतलं तर बॅकअप, पॅचिंगची कटकट जाते, पण आरएसी, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर एकदम चालवायची सोय, नाही. ईसीटूवर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर, स्वतः बसवलं तर सगळं आपल्या हातात, म्हणजे रात्री २ वाजताचा फोनसुद्धा. आरएसी हवंच असेल तर एक्झाडेटा हे ओरॅकलचं खास यंत्र घ्या, पण मग खिशात हात घाला.

आणि ते लायसन्स! ओरॅकलच्या एंटरप्राइझ एडिशनला आपल्या इंटेल सर्व्हरवर कोअर फॅक्टरमुळे (कोअरची संख्या ज्याने गुणायची तो ओरॅकलचा आकडा, इथे अर्धा) प्रोसेसरच्या दोन कोअरमागे एक लायसन्स पुरतं. एडब्ल्यूएसवर हा कोअर फॅक्टर धरत नाहीत. हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणं) चालू असलं की दोन व्हीसीपीयूंना, म्हणजे क्लाउडच्या आभासी प्रोसेसरना, एक, म्हणजे एका कोअरला एक. सरळ दुप्पट! ही ओळ मी पिवळी करून, ठळक करून, पडद्यावर मोठी करून दाखवली. साहेब इंदूरच्या राजवाड्याहून मागवलेल्या पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत होते (माझ्या प्लेटमधली शेवही उचलली). म्हणाले, "ते ठीक आहे, पण यातलं स्वस्त कुठलं?"

काल निरोप आला. गूगल क्लाउडचाही एक रकाना घाला म्हणे.