‘त्याला जरा घरात ठेवा ना!’

नोव्हेंबर उजाडला की सोसायट्या-सोसायट्यांत हे वाक्य सुरू होतं. खाली गेटाशी पाला धुमसतोय, वर दुसऱ्या मजल्यावर दम्याचं पोर खोकून बेजार झालंय, आणि आई तक्रार घेऊन खाली आली की सेक्रेटरीसाहेबांचं उत्तर तयार: "वहिनी, दहा मिनिटांचा तर धूर, त्याला जरा घरात ठेवा ना!"

घरात? घर म्हणजे काय पाणबुडी आहे? सरकत्या खिडक्यांच्या फटी, बाथरूमचा झरोका, दाराखालची बोटभर जागा. बाहेरचा धूर थोड्याच वेळात आत येतो, आणि मग आतच कोंडून राहतो.

त्या दहा मिनिटांचंही ऐका. सकाळी झाडलेला पाला दवानं ओला असतो. तो भडकत नाही, धुमसतो, आणि धुमसणं जास्त वाईट, कारण अर्धवट जळण्यातून बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जास्त निघतात. वर दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, कुणाच्या तरी तुटक्या चपला. त्यात हिवाळ्याची सकाळ: जमिनीलगत गार हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. धुराला वर जायला वाट नाही, म्हणून तो आडवा पसरतो, थेट पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून. ऊन चांगलं तापेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, हे झाकण उघडत नाही. शाळेची बस येते सव्वासातला!

राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितलाय, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. भरला का हो कुणी तुमच्या ओळखीतल्यानं? आणि कृपा करून झाडणाऱ्या मावशींवर खेकसू नका. त्यांना पोती दिली नाहीत, पाला न्यायला गाडी येत नाही, मग त्या काडी ओढणार नाहीत तर काय करणार? चार बाय चार फुटांचा, तीन फूट उंच जाळीचा पिंजरा करा. पाल्याच्या थरांमध्ये थोडं शेण किंवा जुनं खत टाका, आठवड्यातून एकदा पाणी मारा. काही महिन्यांत खत होतं. खर्च कमिटीच्या दोन मीटिंगांच्या वडा-चहाइतका.

मग येतात मोबाइलवाले काका. "आज तर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, ९५ आहे, समाधानकारक!" काका, तो आकडा २४ तासांची सरासरी असतो, आणि ते यंत्र तुमच्या गेटावर नाही, कुठेतरी काही किलोमीटरवर बसलंय. तुमची सातची शेकोटी त्यात दिसणार कशी? शिवाय हे ‘समाधान’ कोणाचं? आपल्याकडे पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारे अतिबारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतात तेव्हा निर्देशांक १०० दाखवतो, म्हणजे तिथपर्यंत सगळं समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा १५ आहे. चौपट! आणि १०१ ते २०० या ‘मध्यम’ पट्ट्यासमोर सरकारी तक्त्यातच लिहिलंय की दम्याच्या रुग्णांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. दम्याच्या मुलासाठी शब्द वाचू नका, पीएम २.५ चा त्या तासाचा आकडा बघा.

"हवेनं काय कोणी मरतं का?" असंही विचारतात. लंडनमधल्या एला अडू-किसी-डेब्राला तीव्र दमा होता, घर वाहत्या रस्त्याजवळ. २०१३ मध्ये नऊ वर्षांची असताना ती गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कोरोनरनं, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं, मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिलं. मिळालं उत्तर?

बांधकामाचं वेगळंच नाटक. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले: एक एकराहून मोठ्या प्लॉटभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहानाभोवती २५ फूट, इमारतीला हिरवं कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणं. पत्रे दिसतात, कारण त्यांच्यावर जाहिरात छापता येते. फवारणी साहेब येणार असतील त्या दिवशी. आणि वरच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन तर कुणाच्याच हिशोबात नाही. टाइल कोरडी कापली की जिनाभर पांढरी पूड. कटरवर पाण्याची धार सोडायला एक बाटली आणि एक माणूस लागतो, बस्स.

आता ‘घरात ठेवा’ मानलं, तर घरात काय चाललंय तेही बोलू. संध्याकाळी धूप, मग अगरबत्ती, मग डासांची कॉइल, तीही मुलाच्या खाटेखाली! एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेलेत. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा. देवाला तुपाचं निरांजन पुरतं, तेही मुलाच्या खोलीबाहेर. सर्दी झाली म्हणून आजी कापराची पुरचुंडी उशाशी ठेवतात, ती काढा. कापराच्या उग्र वासानं नाजूक श्वासनळ्या चिडतात आणि पोटात गेला तर तो विष आहे. मिरचीच्या फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, ठसका उठल्यावर नाही. केर झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

मग पैसेवाले एअर प्युरिफायर आणतात आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी शोभेला ठेवतात, बाल्कनीचं दार सताड उघडं! मूल आठ-नऊ तास झोपतं त्या खोलीत तो हवा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १,२०० घनफूट. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ६,००० घनफूट, म्हणजे सीएडीआर, यंत्र किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, तासाला सुमारे १७० घनमीटर असायला हवा. पण खोक्यावरचा सीएडीआर पंखा सगळ्यात जोरात असतानाचा, आणि तुम्ही लावता ‘स्लीप मोड’, ज्यात तो निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून दुप्पट क्षमतेचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. पडद्यामागे किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी साफ करा. आतला बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. ‘ओझोन’, ‘आयन’ असं कौतुकानं लिहिलेलं यंत्र दुकानातच सोडा, ओझोन या मुलांना घातक. आणि स्प्लिट एसी म्हणजे प्युरिफायर नव्हे, तो आतलीच हवा फिरवतो. दुपारी बाहेरची हवा त्यातल्या त्यात हलकी असेल तेव्हा खिडक्या उघडा.

मास्क? निळा सर्जिकल किंवा कापडी मास्क बाजूंनी गळतो. मुलांच्या मापाचा एन-९५ चेहऱ्याला नीट बसला तरच उपयोग. धाप लागली असताना तो काढायचा, हे शाळेला सांगून ठेवा.

शाळा! डिसेंबरात सकाळी सात वाजता मैदानावर चार फेऱ्या. पळताना श्वास कितीतरी पटींनी वाढतो आणि तोंडानं घेतला जातो, म्हणजे नाकाची गाळणीही गेली. तास दुपारकडे हलवा, म्हटलं तर "वेळापत्रक बसत नाही". त्यापेक्षा सोपं काय, तर त्या मुलाला कायमचं बाकावर बसवा. दम्याची मुलं खेळायलाच हवीत, हवा बरी असेल तेव्हा! आणि त्याचा धाप लागल्यावर घ्यायचा पंप (इनहेलर) कुठे, तर ऑफिसच्या कपाटात, किल्ली क्लार्ककडे, क्लार्क जेवायला. तो दप्तरात किंवा वर्गशिक्षिकेच्या हाताशी हवा, स्पेसरसकट (पंपाला जोडायची ती पोकळ नळी), डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदासकट.

"पंपाची सवय लागते" म्हणणाऱ्यांनी तर कहर केलाय. रोजचा पंप वेगळा, तो श्वासनळ्यांची सूज आटोक्यात ठेवतो. ऐन हिवाळ्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून तो बंद केला की त्याच धुरात मूल थेट इमर्जन्सीत. एका वेळी एकच पफ, स्पेसरचा मास्क घट्ट, पाच-सहा श्वास, मग चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवा आणि तसाच वाळू द्या; फडक्यानं पुसला की स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

आणि रात्री गेटावर वॉचमनदादा प्लायवुडचे तुकडे आणि टायर जाळून बसतात, कारण त्यांना थंडी वाजते. वाजणारच, पत्र्याची केबिन आहे ती. एक जाड जॅकेट आणि एक छोटा हीटर सोसायटीच्या दिवाळीच्या फटाक्यांच्या वर्गणीतून सहज निघतो. तो घ्या आधी, मग पोराला घरात ठेवायचं बघू.