दहापैकी दहा

मागे एका संध्याकाळी बंद पडलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रासमोर ओल्या पायांनी उभे राहून मी त्या यंत्राच्या सेवेबद्दल पूर्ण समाधानी असल्याचे कंपनीला कळवले. हे मी पूर्ण शुद्धीत असताना केले. त्याचाच राग अजून उतरलेला नाही.

यंत्राची कथा थोडक्यात सांगता येते. धुणे अर्ध्यावर असताना ते थांबले, आतले पाणी बाहेर सोडीना आणि पाणी आत असेपर्यंत दार उघडायचे नाही या आपल्या तत्त्वाला चिकटून बसले. गोल काचेआड माझी एकमेव बरी विजार तरंगत होती. तक्रार नोंदवली, तेव्हा तंत्रज्ञ ‘सकाळी १० ते संध्याकाळी ६ या स्लॉटमध्ये’ येईल असे कळले. स्लॉट म्हणजे फट अशी माझी समजूत होती. आठ तासांच्या या भगदाडाला फट म्हणण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत असावे. रांगेत आणि ताटकळत बसणाऱ्यांच्या मनात काय चालते यावर व्यवस्थापन सल्लागार डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहून ठेवले आहे की, किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, जिचे कारण कळलेले नाही अशी प्रतीक्षाही तशीच लांबते आणि रिकाम्या हातांनी काढलेला वेळ सरता सरत नाही. घंटा वाजेल या भीतीने दुपारपर्यंत अंघोळीलाही न गेलेल्या माणसाला हे कोणी वेगळे सांगायला नको. ‘पाच वाजता येतो’ असे सांगून तो पावणेपाचला आला असता तर मी त्याला दारातच धन्यवाद दिले असते. तो पावणेपाचलाच आला, पण तोवर मी सकाळी १० पासून चिडलेलो होतो. अपेक्षेतून अनुभव वजा केला की असमाधान उरते, इतके साधे गणित सेवा देणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ठाऊक असूनही फट रुंदच ठेवली जाते, कारण वाट पाहणाऱ्याचा वेळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

आलेला तरुण नम्र होता. त्याने बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, ओळखपत्र दाखवले, मला ‘काका’ म्हटले (हे त्याच्या प्रशिक्षणात असेल तर काढून टाकावे) आणि यंत्राच्या खालच्या कोपऱ्यातले झाकण उघडून एक पसरट भांडे मागितले. गाळणीची चकती फिरवताच गार, साबणाळ पाणी धारेने येऊ लागले. ते भांडे भरले की ओतून यायचे काम माझ्याकडे आले, कारण त्याला फोनवर फोटो काढून ते वर पाठवायचे होते. अकरा खेपांनंतर पाणी थांबले, दार उघडले आणि निदान झाले: पाणी बाहेर फेकणारा पंप गेला होता, पार्ट मागवावा लागणार होता.

‘काका, आता एक ओटीपी येईल, तो सांगा.’

‘कशासाठी?’

‘तक्रार बंद करायला.’

‘पण यंत्र बंद आहे.’

‘हो ना. म्हणजे आता दोन्ही बंद होतील.’

त्याने हे विनोदाने म्हटले नव्हते. तक्रार ४८ तासांहून जास्त उघडी राहिली तर साहेबांच्या पडद्यावर ती लाल दिसते, आणि पार्ट यायला तर आठवडा लागतो, म्हणून आजची तक्रार आज बंद करायची आणि पार्ट आला की मी नवी नोंदवायची, ‘तीपण मी लगेच बंद करून देतो,’ असे त्याने मला धीर देत समजावले. मी ओटीपी सांगितला. तेवढ्यात दुसरा संदेश आला. आमची सेवा आपण मित्राला किंवा नातेवाइकाला किती सुचवाल, ० ते १०.

‘दहा द्या, काका.’

‘मी आठ देईन म्हणतो.’

त्याचा चेहरा पडला. ‘माझं काही चुकलं का?’

आठ म्हणजे शंभरात ऐंशी, आमच्या काळी ऐंशी मिळवणाऱ्याचे नाव शाळेच्या फळ्यावर लिहीत, असे मी म्हणालो. तो उकिडवा बसला आणि पान्याने जमिनीवर रेघा ओढत मला शिकवू लागला. ‘नऊ आणि दहा म्हणजे खूश. सात-आठ धरतच नाहीत, तुम्ही काही बोललाच नाहीत असं समजतात. सहापासून खाली सगळे नाराज. सहा द्या की शून्य द्या, एकच.’

‘मग सहा आणि शून्यात काहीच फरक नाही?’

‘आहे ना. शून्य दिलं तर साहेब तुम्हाला फोन करतात. सहा दिलं तर मला.’

शेवटच्या दोन फोनांची कलमे सोडली तर त्याचे पाठांतर बिनचूक होते. व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हा एकच प्रश्न मांडला, तो याच मोजपट्टीसह: नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून शून्य ते सहा देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची आणि मधल्यांना सोडून द्यायचे. कल्पना वाईट नाही. ताप मोजायला थर्मामीटर लागतोच. पण पारा चढला तर परिचारिकेचा पगार कापायचा असे ठरले, की ती बिचारी रुग्णाच्या उशाशी बसून ‘काका, अठ्ठ्याण्णवच्या वर नको हं’ अशी विनवणी करणारच. महिन्याची सरासरी साडेनऊच्या खाली गेली तर इन्सेंटिव्ह जातो, असे त्याने जाताजाता सांगितले. प्रश्न कंपनीबद्दल विचारायचा आणि गुण त्याच्या खात्यात टाकायचे, ही युक्ती ज्याला सुचली त्याच्या बुटांवर निळ्या पिशव्या नसाव्यात.

पुढची प्रश्नावली तर पाहण्यासारखी होती. तंत्रज्ञाने नमस्कार केला का, गणवेश स्वच्छ होता का, ओळखपत्र दाखवले का. यंत्र चालू झाले का, हा प्रश्न त्यात नव्हता. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघा विपणन-अभ्यासकांनी १९८८ साली सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी २२ विधानांची जी पट्टी तयार केली, तिचे पाच भाग आहेत. गणवेश आणि टापटीप त्यांतल्या एकात येतात, पण त्यांच्या अभ्यासात ग्राहकाने सर्वांत वर ठेवला तो भरवसा, म्हणजे जे करतो म्हटले ते करणे. नेमके तेच विचारायचे राहून जाते, कारण गणवेश धुऊन देणे पंप वेळेवर पाठवण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यांचे गणवेश तरी धुतले जातात.

माझा अंगठा आठावर रेंगाळत होता आणि तो तरुण खांद्यामागून बघत श्वास रोखून उभा होता. मग त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने यंत्रातून माझी विजार काढली, दोन्ही हातांनी कडकडून पिळली, झटकली, हातावर घडी घालून माझ्या पुढ्यात धरली आणि फडक्याने जमीन पुसू लागला. मी दहा दाबले.

याचेही स्पष्टीकरण आहे, आणि तेही गार पाण्यातलेच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावले. दुसऱ्या खेपेस तितकेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू जेमतेम एका अंशाने कोमट केले. यातले पुन्हा काय कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा छळ निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. माझ्या अकरा खेपांनंतरचा तो एक अंश म्हणजे ती पिळलेली विजार. त्या मुलाने तो प्रयोग म्हणून केला नव्हता, ही खात्री असल्यामुळे मला त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

आठवड्याने फोन करून नवी तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी नोंद वाचून दाखवली: मागील तक्रार यशस्वीरीत्या निवारण, ग्राहक अत्यंत समाधानी, त्यामुळे आपल्या पसंतीचाच तंत्रज्ञ पाठवत आहोत, स्लॉट १० ते ६. तो आला. बुटांवर पिशव्या चढवल्या, यंत्राकडे पाहिले आणि पार्ट अजून आलेला नाही असे सांगितले.

‘मग आलात कशाला?’

‘तक्रार पडली की यावंच लागतं, काका. ओटीपी आला का?’