आमच्या सर्व्हरवरची येष्टी

लॉस सँटोसच्या हायवेवर लाल डबा धावताना पाहिलाय कुणी? आम्ही धाववला होता. लॉस सँटोस हे जीटीए फाइव्ह या कॉम्प्युटर गेममधलं शहर. तिथल्या एका साध्या बसवर आमच्या एका पोराने तीन रात्री जागून एसटीची लिव्हरी, म्हणजे बाहेरची रंगरंगोटी, चढवली. स्वारगेटला जाऊन त्याने फोटो काढून आणले होते. मागच्या पत्र्याचा पोचा, खिडकीच्या दांड्यांवरचा उडालेला रंग, सगळं तसंच्या तसं. दुबईत नोकरी करणारा साताऱ्याचा एक जण शिफ्ट संपली की सर्व्हरवर यायचा आणि कंडक्टर व्हायचा. 'पुढं सरका, मागं जागा नाय' आणि 'सुट्टे काढून ठेवा' एवढ्या दोन वाक्यांवर तो तास-तास खेळायचा. बँक लुटायला निघालेली टोळीसुद्धा गाडी सोडून बसने जायची, निव्वळ त्याच्या शिव्या खायला.

मग २०२२ साली, दिवाळी उलटल्यावर, हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आमच्यासारख्या रोलप्ले सर्व्हरसाठी, म्हणजे जिथे लोक ऑनलाइन जमून आपापली पात्रं वठवतात त्यांच्यासाठी, नियम जाहीर केले. लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर अशा विकतच्या पेट्या) नको, खेळातला पैसा खऱ्या पैशाला विकू नका, क्रिप्टो आणि एनएफटी (डिजिटल मालकीची टोकन) नको, कंपन्यांची स्पॉन्सरशिप नको. यातल्या एकाही गोष्टीवर माझं भांडण नाही. शाळेतल्या पोरांकडून महिन्याला हजार-दोन हजार काढून त्यांना 'व्हीआयपी गाडी' देणारे सर्व्हर मी पाहिलेत. गाडीचं मॉडेल दुसऱ्याच खेळातून उचललेलं, वर लोगो खऱ्या कंपनीचा, आणि पैसे मात्र यांच्या यूपीआयवर! अशांना चाप बसला तर बसू दे.

पण त्याच यादीत पुढे खरे ब्रँड, पात्रं, ट्रेडमार्क आणि संगीत आणायलाही मनाई आहे. म्हणजे एका पैशाचाही धंदा न करणारी आमची एसटी आणि तो व्हीआयपी गाडीवाला एकाच रांगेत. आता रॉकस्टार स्वतः काय करते, तर खऱ्या ब्रँडची टिंगल करणारी खोटी नावं बनवते. त्यांच्या शहरात स्प्राइटऐवजी स्प्रंक मिळतं, फेरारीऐवजी ग्रोटीच्या गाड्या पळतात. त्यांचं लॉस सँटोस लॉस एंजेलिसवर बेतलेलं आहे हे ओळखू यावं, म्हणूनच हा सगळा खटाटोप. आम्हालाही आमचं गाव ओळखू यावं एवढंच हवं होतं.

खरी गंमत पुढेच आहे. नवे खेळ, नव्या गोष्टी, नवी मिशन, नवे नकाशे बनवणं हेही त्या नियमांच्या 'कारवाई करणार नाही' या सवलतीत बसत नाही. अहो, रोलप्ले म्हणजे दुसरं काय असतं? रोज रात्री शंभर माणसं जमून गोष्टच तर रचतात! अक्षरशः वाचायचं तर एकही सर्व्हर नियमात बसणार नाही. सगळेच गुन्हेगार असले की कुणाला पकडायचं हे फौजदाराच्या मर्जीवर. माझा राग आहे तो या मर्जीवर.

ही मर्जी कशी फिरते, हेही आपण पाहिलंय. असे सर्व्हर ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर म्हणजे फाइव्हएम. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ते बनवणाऱ्यांची खाती याच कंपनीने बंद केली होती. आठ वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच फाइव्हएमची टीम तिने विकत घेतली. मधल्या काळात मोडवाल्यांनी, म्हणजे खेळात आपले बदल करणाऱ्यांनी, हा खेळ जिवंत ठेवला. फाइव्हएमवर यायला मूळ गेम विकत घ्यावाच लागतो, म्हणजे २०१३ सालच्या खेळाच्या कॉपी आमच्यासारख्यांनीही खपवल्याच की.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत नेट कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या खेळाचा सर्व्हर कोपऱ्यातल्या धूळ खाल्लेल्या डब्यावर चालायचा. नकाशा कुठला लावायचा हे कॅफेवाले काका ठरवायचे, फार तर लाइट जायची. आता हार्डवेअर आपलं, भाडं आपलं, रात्रीची जागरणं आपली, पण सर्व्हर सुरू करायची किल्ली, म्हणजे लायसन्स-की, त्यांच्या हातात. ती किल्ली रद्द झाली की वर्षभराच्या स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेऊन बसा.

काय चालेल आणि काय नाही, याची नीट उदाहरणांसकट यादी द्या. चूक झाली तर काढून टाकायला आठवडाभराची मुदत द्या. यात कंपनीचं काय जातं?

आम्ही वाट पाहिली नाही. अ‍ॅडमिनमध्ये मतदान घेतलं, चार विरुद्ध तीन, आणि लिव्हरी काढली. मी काढण्याच्या बाजूने होतो, सांगायला लाज नाही. दीडशे माणसांचा सर्व्हर एका बसपायी घालवायची हिंमत नव्हती. नंतर त्याच पोराने नवी लिव्हरी केली. बोधचिन्ह नाही, महामंडळाचं नाव नाही, नुसता लाल रंग आणि वाकड्या अक्षरांत 'येष्टी'. पोचा तेवढा ठेवलाय.

दुबईवाला पहिल्या रात्री बसभोवती फेरी मारून आला आणि माइकवर म्हणाला, "डेपो बदलला का काय रे आपला?" मग चढला, आणि रिकाम्या बसमध्ये ओरडला, "पुढं सरका!"